‘सेव्ह करू नका’ म्हटले तरी प्रत उरते

सोलापुरात कोर्टकचेरीच्या कामासाठी टायपिंगच्या दुकानात प्रतिज्ञापत्र करून घेणारे ग्राहक प्रिंट हाती पडली की सांगतात, ‘फाइल सेव्ह करू नका.’ दुकानदार ‘नो’ दाबतो, दोघेही निर्धास्त. पण हा भरवसा फोल आहे. अचानक वीज गेली तरी मजकूर वाया जाऊ नये म्हणून वर्ड साधारणपणे दर 10 मिनिटांनी स्वतःहून एक प्रत ठेवते. सेव्ह न करता बंद केलेल्या नव्या फाइलची अशी प्रत ‘अनसेव्हड फाइल्स’ फोल्डरमध्ये 4 दिवसांपर्यंत राहू शकते. तिच्यात आधार क्रमांक, पत्ता, वारसांची नावे, सारे आलेच. त्याच संगणकावर बसणारा पुढचा कोणीही ती उघडू शकतो.

मग ही सोयच बंद करावी, हा काहींचा सल्ला मात्र चुकीचा. अर्धा तास खपून टाइप केलेले वीज गेल्यावर पुन्हा कोण करणार? त्यापेक्षा काम संपताच कोरी फाइल उघडून ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’मधून ‘डिलीट ऑल अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ निवडावे. मिनिटभराचे हे काम पैसे घेणाऱ्या दुकानाचे आहे, ग्राहकाचे नव्हे. ग्राहकाने निघण्यापूर्वी ‘प्रत पुसली का?’ एवढे विचारावे.