भंगारातील न्यूट्रॉन ओळखणार कोण?

अंकुशनगर (जि. जालना) : गाळप हंगाम संपला की साखर कारखान्यांतून निकामी यंत्रभाग भंगारात निघतात. जालन्याच्या पोलाद भट्ट्यांना कच्चा माल लागतो तो अशाच भंगाराचा. त्यात कोठून काय मिसळेल, याचा नेम नसतो. ऑक्टोबर 2008 मध्ये फ्रान्सला गेलेल्या लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-60 सापडले आणि माग खोपोलीच्या ओतशाळेपर्यंत आला. 2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारातील कोबाल्टने एकाचा बळी घेतला. ते उपकरण विद्यापीठाने, म्हणजे जाणत्यांनीच, लिलावात विकले होते.

या दोन्ही घटना गॅमा किरणांच्या. त्यामुळे भंगारतपासणीची हातातली मीटरेही प्रामुख्याने गॅमाच शोधतात. मात्र जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या आणि तेलविहिरींत उतरवल्या जाणाऱ्या उपकरणांत अमेरिशियम-बेरिलियमचा न्यूट्रॉन स्रोत असतो. अमेरिशियमचे गॅमा किरण क्षीण असल्याने पोलादाचे जाड आवरण ते बव्हंशी अडवते. न्यूट्रॉन मात्र त्यातून सहज पार होतात. अमेरिशियमचे अर्धायुष्य सुमारे 432 वर्षांचे. उपकरण मोडीत निघाले, तरी स्रोत जिवंतच!

मग न्यूट्रॉन मीटर का नाही? न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्याने तो थेट नोंदला जात नाही. एखाद्या अणुकेंद्रकाने त्याला गिळावे लागते आणि त्यासाठी वेगवान न्यूट्रॉन आधी मंदावावे लागतात. हे काम पॉलिथिनचा काही सेंटीमीटर जाडीचा थर करतो. वजन वाढते ते इथेच. थर पातळ केला तर मीटर हातात मावते, पण वेगवान न्यूट्रॉन निसटतात. गिळणारा उत्तम वायू हेलियम-3. तो ट्रिटियमच्या ऱ्हासातून, प्रामुख्याने अण्वस्त्र कार्यक्रमांतून मिळतो. 2001 नंतर अमेरिकेने सीमांवर तपासणी यंत्रे उभारली, मागणी वाढली आणि दशकाअखेर तुटवडा पडला.

भारतापुढील व्यवहार्य पर्याय बोरॉनचा. नैसर्गिक बोरॉनमध्ये उपयुक्त बोरॉन-10 सुमारे 20 टक्के असते. भाभा अणुसंशोधन केंद्राने अणुभट्ट्यांसाठी बोरॉनआधारित शोधक देशातच विकसित केले आहेत. त्यातील बोरॉन ट्रायफ्लोराइड वायू विषारी असल्याने भट्टीच्या फाटकावर तो नको. नळीला आतून बोरॉनचा लेप देणे अधिक सुरक्षित. पण लेप जाड केला तर निर्माण झालेले कण त्यातच अडकतात. म्हणून पातळ लेपाच्या अनेक नळ्या जोडाव्या लागतात आणि पुन्हा वजन वाढते.

बंदरावर आयात भंगार तपासता येते. गावोगावचे देशी भंगार बंदराची वाट पाहत नाही. ते ट्रकने थेट भट्टीच्या दाराशी येते. तिथल्या कामगाराला हवे एका हातात पेलणारे आणि फाटकावरच धोक्याची सूचना देणारे मीटर. ट्रक रिकामा होऊन माल भट्टीत पडला, की वितळलेले अमेरिशियम मळीत उतरते आणि मळी उपसणाऱ्याच्या श्वासात धूळ जाते.