कबुली झाली, परिमार्जन केव्हा?

डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, आणि तो केवळ परकीय राजवटीत नव्हे तर स्वतंत्र भारतातही चालू राहिला, अशी कबुली त्याच्या प्रास्ताविकेतच आहे. राज्यसंस्थेने आपला अपराध कायद्यात नमूद करावा, असे क्वचितच घडते. परंतु कबुली म्हणजे परिमार्जन नव्हे.

१८७८ च्या वन कायद्याखाली जंगले राखीव होत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे कसणारा, मोहफुले वेचणारा आदिवासी स्वतःच्याच भूमीवर अतिक्रमक ठरला. १९२७ च्या कायद्याने तीच चौकट कायम केली. ज्यांची वहिवाट सरकारने कधी दप्तरी लागू दिली नाही, त्यांच्याकडेच आज कागद मागितला जातो! वास्तविक वृद्धांचे जबाब, जुन्या विहिरी, दफनभूमी हेही पुरावेच, असे नियम सांगतात. विशिष्ट कागदाचाच हट्ट धरू नये, असे २०१२ च्या दुरुस्तीने बजावले आहे. तरीही दावे फेटाळले गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तर अशा दावेदारांना हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुढे त्याच महिन्यात तो स्थगित झाला.

जुन्या जखमा उकरण्यापेक्षा विकासाची फळे सर्वांना वाटावीत, असे काही मित्र म्हणतात. परंतु ज्याचे उत्पादनसाधनच हिरावले गेले, त्याच्या पदरात उत्पन्नाचा तुकडा टाकणे हे दान झाले, न्याय नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये तेथील ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला. मागील अन्याय दूर करणे आणि नवा समाज उभारणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे या गावाने दाखविले आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ मोर्च्यावर समाधान मानू नये. ग्रामसभेत बसून वृद्धांचे जबाब लिहून घ्यावेत, फेटाळलेल्या दाव्याचे लेखी कारण मागावे, मुदतीत अपील करावे. या खटल्यातील खरे साक्षीदार ऐंशीच्या घरात आहेत. दप्तर थांबू शकते; ते थांबू शकत नाहीत.