हौस आणि निगा

घरात कुत्र्याचे पिल्लू आले म्हणजे मुलांच्या आनंदाला पारावार उरत नाही. त्यातून ते केसाळ असले आणि कापसाच्या गोळ्यासारखे घरभर लोळू लागले, म्हणजे शेजारपाजारची मुलेही उंबऱ्याशी गोळा होतात. कोणी त्याला उचलून घेतो, कोणी त्याच्या मऊ अंगावरून हात फिरवितो, तर कोणी त्याचे नाव काय ठेवावे यावर वाद घालतो. परंतु नव्याचे नऊ दिवस सरतात. पिल्लू मोठे होते, त्याचे केस वाढतात, मुलांचा अभ्यासही वाढतो आणि फळीवर ठेवलेल्या फणीवर धूळ साचू लागते. पावसाळा येतो तोवर त्या कुत्र्याच्या कानांमागे जटा झालेल्या असतात, अंगाला कुबट वास येत असतो; आणि ज्या घराने त्याला डोक्यावर घेतले होते, तेच घर त्याला दारापलीकडे हाकलू लागते. यात दोष कोणाचा? त्या मुक्या जीवाचा तर खचितच नव्हे.

केसाळ प्राणी पाळणे ही नुसती हौस नाही. ते रोजचे काम आहे. ज्याची हे काम करण्याची तयारी नसेल, त्याने असा प्राणी घरी आणू नये, हेच न्यायाचे होय. हे म्हणणे काहींना कठोर वाटेल. म्हणून त्यामागील कारणे नीट पाहिली पाहिजेत.

प्राण्याच्या अंगावरील केस हा त्याचा दागिना नव्हे; ते त्याचे वस्त्र आहे. पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड, हस्की अशा कुत्र्यांच्या अंगावर तर हे वस्त्र दुहेरी असते. वरचे केस लांब व राठ असतात. ते पाऊस आणि धूळ अडवितात. त्यांच्याखाली लोकरीसारखी मऊ, दाट लव असते. तिच्यात हवा अडकून राहते आणि हवेतून उष्णता सावकाश वाहत असल्याने अंगातील ऊब टिकते. ऋतू पालटताना जुनी लव गळते व नवी येते. ही गळलेली लव विंचरून काढली नाही, तर ती वरच्या केसांत अडकते, त्यांच्याशी गुरफटते आणि तिची घट्ट जट बनते.

जट ही दिसायला क्षुल्लक गोष्ट आहे. परंतु फार घट्ट वेणी घातली म्हणजे डोके कसे दुखते, हे वेणी घालणाऱ्या मुलींना ठाऊक असते. तशीच ओढ त्या प्राण्याला काखेत व मांडीत पावलोपावली सोसावी लागते. जटेखाली वारा लागत नाही, ओल टिकून राहते आणि कातडी लाल होऊन चिघळते. गोचीड आणि पिसवा यांना लपायला तेथे आयती जागा मिळते. चिघळलेल्या जागी माश्या बसल्या, तर अळ्याही पडतात. गोचिडांमुळे कुत्र्यांना रक्ताचे जीवघेणे रोग जडतात. एवढे सारे घडत असता वरचे केस मात्र ते झाकून ठेवतात. पाहणाऱ्याला प्राणी गोंडसच दिसतो!

यावर कोणी विचारील, "रानातल्या लांडग्याला कोण विंचरतो?" प्रश्न वाजवी आहे आणि त्याचे उत्तरही सरळ आहे. लांडग्याची हिवाळी लव थंडी सरताच गळून जाते. त्याचे केस त्याच्या जीवनक्रमाला पुरेसे असतात, त्याहून अधिक नसतात. घरच्या कुत्र्या-मांजरांचे केस इतके लांब झाले, ते मात्र माणसाच्या निवडीने. मनाजोगे केस असलेले नर-मादी निवडून माणसाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांची पैदास केली. मांजर आपले अंग जिभेने स्वच्छ करते. तिच्या जिभेवर आकड्यांसारखे बारीक काटे असतात. परंतु पर्शियन मांजराच्या दाट केसांपुढे ती जीभही अपुरी पडते आणि चाटताना पोटात गेलेल्या केसांचा गोळा होऊन त्याला ओकाऱ्या येतात. ज्या माणसाने हे ओझे प्राण्याच्या अंगावर घातले, ते सांभाळण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

केस जितके लांब तितका प्राणी अधिक सुरक्षित, ही समजूतही नेहमी खरी ठरत नाही. स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर ग्रेट सेंट बर्नार्ड नावाची खिंड आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे २,४७० मीटर उंचीवरील या खिंडीत ख्रिस्ती साधूंचा मठ आहे. बर्फात वाट चुकलेल्या प्रवाशांना शोधण्यासाठी हे साधू कुत्रे पाळीत असत. त्यांतील बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचविले, असे सांगतात. तो १८१४ साली मरण पावला. त्याचा पेंढा भरलेला देह बर्न शहरातील संग्रहालयात आजही पाहावयास मिळतो. बॅरीच्या काळचे हे कुत्रे आखूड केसांचे होते. पुढे १८३० च्या सुमारास या जातीत नवे बळ यावे म्हणून न्यूफाउंडलंड जातीच्या लांब केसांच्या कुत्र्यांशी तिचा संकर करण्यात आला. परिणाम उलटाच झाला. लांब केसांवर बर्फाचे खडे जमू लागले, कुत्रे त्या भाराने थकू लागले आणि अशा कुत्र्यांना मठाच्या कामातून दूर करावे लागले. बर्फाच्या प्रदेशातही लांब केस ओझे ठरले, तर उष्ण देशात त्यांची किती काळजी घेतली पाहिजे, हे निराळे सांगावयास नको.

विदर्भात उन्हाळ्यात पारा कधी कधी ४५ अंशांच्याही वर जातो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. अशा ठिकाणी आज अनेक घरांत केसाळ कुत्री पाळली जातात. उन्हाळा आला की काही माणसे दयाबुद्धीने कुत्र्याचे सारे केस मुळापासून काढून टाकतात. ही दया अज्ञानाची आहे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच तो मुख्यतः अंगातील उष्णता कमी करतो. दुहेरी केसांचे वस्त्र ऊन थेट कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. ते मुळापासून काढले, तर कातडी उन्हाने भाजते आणि पुढे केस पूर्वीसारखे नीट येतीलच असे नाही. ल्हासा आप्सो, शिह त्झू यांसारख्या काही जातींचे केस मात्र सतत वाढतात; ते जाणत्या हाताने वेळोवेळी कापावेच लागतात. दुहेरी केसांच्या कुत्र्याला वस्तरा नको. गळलेली लव विंचरून काढणे, गार सावली आणि भरपूर पाणी हवे.

विंचरण्याचीही एक रीत आहे. वरवर फणी फिरविल्याने वरचे केस चमकतात, पण आतला गुंता तसाच राहतो. म्हणून केसांचे भांग पाडीत, कातडी दिसेपर्यंत आत जाऊन विंचरावे. गुंता सापडला, तर आधी केसांची टोके मोकळी करून हळूहळू मुळाकडे यावे. जट कात्रीने कापण्याची घाई करू नये. कातडी तिच्याबरोबर वर ओढली गेलेली असते आणि कात्री तिलाच लागते. आंघोळीपूर्वी विंचरावे; कारण पाण्याने गुंता अधिकच आवळतो. आंघोळ झाल्यावर आतली लव पूर्ण कोरडी करावी. माणसांचा साबण वापरू नये. त्याने कुत्र्याची कातडी कोरडी पडते.

हे सारे काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करवून घेता येईल, असे काहींचे मत असते. केस कापण्यासाठी जाणत्याची मदत अवश्य घ्यावी. परंतु रोज अंगावरून फिरणारा घरचा हात जे टिपतो, ते महिन्यातून एकदा येणारा परका हात टिपू शकत नाही. चिकटलेला गोचीड, बारीकशी गाठ, दुखरा कान, रुतलेले कुसळ ही विंचरतानाच सापडतात. पूर्वी पागेतील मोतद्दार घोड्याला खरारा करी, तेव्हा त्याची बोटे घोड्याच्या अंगावरील ओरखडाही शोधून काढीत. पोळ्याच्या दिवशी बैलाला झूल घालणारा चांगला शेतकरी इतर दिवशीही त्याचे खांदे तपासून पाहतो. निगा ही सणाची गोष्ट नव्हे, रोजची आहे. भारतात १९६० साली झालेल्या प्राणिरक्षणाच्या कायद्यानेही, प्राणी ज्याच्या ताब्यात असेल त्याने त्याच्या हितासाठी योग्य ती सर्व काळजी घेतली पाहिजे, असे कर्तव्य सांगितले आहे.

ज्या घरात कोणालाही रोज पंधरा मिनिटे मिळत नाहीत, त्या घराने आखूड केसांचे गावठी पिल्लू आणावे. ते इथल्या हवेत रुळलेले असते, त्याच्या केसांना फारशी निगा लागत नाही आणि माया लावण्यात ते कोणाहून उणे नसते. ज्यांच्या घरी केसाळ सोबती आधीच आहे, त्यांनी फळीवरची फणी खाली काढावी. सुरुवातीला तो प्राणी अंग चोरील, पळू पाहील. पण हात हळुवार असेल, तर थोड्याच दिवसांत फणी दिसताच तो आपण होऊन जवळ येऊन बसेल. आपले दुखणे त्याला सांगता येत नाही; ते शोधण्याचे काम त्याला घरी आणणाऱ्याचेच आहे.