थ्रेडिंगने लिव्हर खराब होते का? व्हायरल व्हिडिओ, भुवया आणि खरी भीती कशाची

2025 मध्ये एका डॉक्टरांचा व्हिडिओ मोबाइलवरून घरोघरी फिरला. 28 वर्षांच्या तरुणीने पार्लरमध्ये आयब्रो केल्या आणि त्यानंतर तिचे यकृत निकामी होऊ लागले, असे त्यात सांगितले होते. वर्तमानपत्रांनी बातम्या केल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर मथळा आणखी भडक झाला. पुढचे काही आठवडे माझ्या दवाखान्यात तापाच्या, खोकल्याच्या पेशंटही जाता जाता हळूच विचारत होत्या, "मॅडम, आयब्रो केल्या तर चालतात ना?"

त्या एका रुग्णावर निकाल देणे हे माझे काम नाही. पण त्या व्हिडिओमुळे माझ्यासमोर जे घडले ते सांगते.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक आई आपल्या विशीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीला चार दिवसांपासून उलट्या, अन्नावरची वासना गेलेली, डोळे पिवळे, लघवी गडद. आईने तपासायच्या आधीच मोबाइल पुढे केला. "हेच झालंय हिला. पाच दिवसांपूर्वी आयब्रो केल्या होत्या." घरात दोन गोष्टी ठरून गेल्या होत्या. एक, पार्लरवाल्या ताईंना जाब विचारायचा. दुसरी, आत्या सांगतात त्या कावीळ उतरवणाऱ्या माणसाकडे मुलीला न्यायचे.

मी फक्त तारखा विचारल्या. थ्रेडिंग पाच दिवसांपूर्वी, उलट्या चार दिवसांपासून. रक्तातून पसरणारा हेपॅटायटिस बी शरीरात शिरल्यापासून कावीळ दिसायला साधारण दीड ते सहा महिने लागतात. हेपॅटायटिस सी लासुद्धा काही आठवडे ते महिने लागतात. म्हणजे पाच दिवसांपूर्वीच्या दोऱ्याने ही कावीळ होणे शक्यच नव्हते. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर राहते, तिच्या मेसमधल्या आणखी दोघींना कावीळ झाली होती, हे मात्र कोणी सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. तपासणीत हेपॅटायटिस ए निघाला. हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून होतो आणि 2 ते 7 आठवड्यांनी लक्षणे दिसतात. यकृताचे एन्झाइम खूप वाढलेले होते, पण रक्त गोठण्याची चाचणी, म्हणजे आयएनआर, नॉर्मल होती. तीन आठवड्यांत मुलगी जेवायला लागली.

कावीळ म्हटली की सगळे बिलिरुबिनचा आकडा विचारतात. डॉक्टरचे लक्ष मात्र आयएनआरवर आणि रुग्ण नीट शुद्धीवर आहे का यावर असते. बिलिरुबिन 12 असलेला पेशंट घरी बरा होऊ शकतो, आणि 6 असलेला आयएनआर वाढल्यामुळे त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलला पाठवावा लागतो. आत्यांच्या त्या माणसाकडे मुलगी गेली असती तर ही चाचणी झालीच नसती, आणि वर पोटात कुठला काढा गेला असता कोण जाणे. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या 6 रुग्णांच्या यकृताला झालेली इजा वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद वेगळा. पण आधीच सुजलेल्या यकृतावर कुठलेही अनोळखी औषध नको, यावर वाद नाही.

मग थ्रेडिंगमधून हेपॅटायटिस होऊच शकत नाही का?

असे मी म्हणणार नाही. दोऱ्याने केस मुळासकट उपटला जातो, तेव्हा त्या छिद्राभोवतीच्या कातडीला बारीक जखम होते. कधी दोरा घासून कातडी कापली जाते आणि रक्ताचा थेंब दिसतो. तोच दोरा दुसऱ्या बाईच्या भुवईवर फिरवला तर रक्तातला विषाणू तिथे पोचायला वाट आहे. हेपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तात, किमान 7 दिवस टिकतो. एचआयव्ही इतका चिवट नाही.

वाट आहे याचा अर्थ वाहतूक आहे असा नाही. लस न घेतलेल्या माणसाला हेपॅटायटिस बी च्या रुग्णाची रक्त भरलेली सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत असते. हेच एचआयव्हीच्या बाबतीत सुमारे 0.3 टक्के. आणि हे पोकळ सुईचे आकडे आहेत, ज्यात रक्त थेट आत जाते. वरवर घासणाऱ्या दोऱ्याचा धोका त्याहून खूपच कमी. शिवाय मोठ्या वयात हेपॅटायटिस बी झाला तरी दहातले नऊहून अधिक जण आपोआप बरे होतात; यकृत अचानक निकामी होण्याचे प्रमाण 1 टक्क्याच्याही आत आहे.

दोऱ्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती कात्री, चिमटा आणि वस्तऱ्याची, कारण ही हत्यारे दिवसभर तीच वापरली जातात. आणि खरे सांगायचे तर, बायकांच्या पार्लरवर एवढी चर्चा होते, पण पुरुषांच्या सलूनमधला तो तुरटीचा खडा? दाढी करताना कापले की रक्तावर फिरवतात, आणि तोच ओला खडा पुढच्या गिऱ्हाइकाच्या गालावर. त्याचा व्हिडिओ कोणी व्हायरल केलेला नाही.

हेपॅटायटिस बी वर उत्तम लस आहे. आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी, असे तीन डोस. सरकारी लसीकरणात ती देशभर 2011-12 च्या सुमारास आली. त्यामुळे आज पार्लरमध्ये जाणाऱ्या बहुतेक मुलींना आणि त्यांच्या आयांना ती लहानपणी सरकारी दवाखान्यात मिळालेली नसण्याचीच शक्यता जास्त. थ्रेडिंग सोडण्यापेक्षा ही लस घेणे कितीतरी उपयोगाचे आहे. हेपॅटायटिस सी वर लस नाही, पण गोळ्यांनी साधारण 12 आठवड्यांत तो बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी, दोन्हींच्या तपासण्या आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

त्वचेचे काय?

भुवयांमुळे माझ्याकडे प्रत्यक्षात जे पेशंट येतात ते लिव्हरचे नसतात, त्वचेचे असतात. तो भाग कोणी बातमीत घेत नाही.

थ्रेडिंगनंतर लाली आणि किंचित सूज येणे हे नेहमीचे. काही तासांत कमी होते, एक-दोन दिवसांत जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भुवईच्या कडेला बारीक पुळ्या आल्या तर ती केसाच्या मुळाची सूज असते. त्या फोडू नका. बहुतेक वेळा स्वच्छ ठेवल्या की बसतात. पुळ्यांतून पाणी येऊन मधाच्या रंगाची खपली धरली तर मात्र तो जिवाणूंचा संसर्ग आहे. तो टॉवेलवरून घरातल्या मुलांनाही लागतो, आणि त्याला प्रतिजैविक मलम किंवा गोळ्या लागतात.

काही गोष्टी उशिरा दिसतात, म्हणून त्यांचा पार्लरशी संबंध लावला जात नाही. भुवईखाली एका ओळीत चपटे, कातडीच्याच रंगाचे बारीक चामखीळ उठतात. ही ओळ म्हणजे दोरा फिरला ती रेघ असते. मोत्यासारखे, मधे खळगी असलेले दाणेही असेच पसरतात. दोन्ही विषाणूंमुळे होतात आणि दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. अशा दाण्यांवरून पुन्हा थ्रेडिंग केले की ते आणखी पेरले जातात. आधी ते घालवा, मग भुवया.

काही पार्लरमध्ये दोऱ्याचे एक टोक अजूनही दातात धरतात. ताप आल्यावर ओठांवर उठतात त्या फोडांचा विषाणू थुंकीतही असतो. दोऱ्यावरची थुंकी ताज्या छिद्रांवर फिरणे मला अजिबात मान्य नाही. दोरा मानेभोवती अडकवूनही काम तितकेच सफाईने होते. संकोच न करता सांगा, "ताई, दोरा तोंडात धरू नका."

ज्यांच्या अंगावर कोडाचे डाग आहेत त्यांच्यासाठी एक वेगळी सूचना. कोड वाढत असेल तेव्हा कातडीला जिथे इजा होते तिथे नवा पांढरा डाग उठू शकतो. भुवईच्या जागी असे डाग आलेले त्वचारोगतज्ज्ञ पाहतात. डाग स्थिर होईपर्यंत केस उपटू नका, कात्रीने आकार द्या. सोरायसिस जोरात असतानाही तेच.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर भुवयांना वॅक्स अजिबात नको. गोळ्या बंद झाल्यावरही किमान 6 महिने नको. कातडी वॅक्सच्या पट्टीबरोबर सोलून निघते. चेहऱ्याला रेटिनॉल किंवा अ‍ॅडापलीन लावत असाल तर काही दिवस आधी बंद करा आणि पार्लरमध्ये तसे सांगा. डायबेटिस असेल तर साधी पुळीही तीन दिवसांवर ढकलू नका.

आयब्रो केल्यावर

पहिले 24 तास हात लावू नका. हे लिहायला सोपे आहे, पण आरशासमोर प्रत्येकजण बोट फिरवतोच. साध्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापडात बर्फ गुंडाळून पाचेक मिनिटे धरा. त्या दिवशी भुवईवर पेन्सिल, फाउंडेशन नको, पोहायला जाणे नको. घाम आला तर टिपून घ्या, चोळू नका. दुसऱ्या दिवसापासून उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, कारण सावळ्या कातडीवर लालीच्या जागी काळपट डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात.

थ्रेडिंगवर लगेच ब्लीच करू नका. लग्नसराईत "आयब्रो, ब्लीच, फेशियल" असे पॅकेज एकाच बैठकीत होते आणि लग्नाच्या आदल्या दिवशी कपाळ भाजलेली नवरी माझ्याकडे येते. उघड्या छिद्रांवर पेरॉक्साइड आणि अमोनिया, दुसरे काय होणार? दोन्हींत किमान दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवा, आणि लग्न असेल तर आठवडाभर आधी उरका.

खाज आली म्हणून घरातले दादरावरचे मिक्स मलम लावू नका. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असते. दोन दिवस छान वाटते, मग पुळ्या वाढतात, कातडी पातळ होते, आणि डोळ्याच्या इतक्या जवळ रोज लावत राहिले तर डोळ्यातले प्रेशरही वाढू शकते.

पापणी सुजून डोळा उघडेनासा झाला, डोळा फिरवताना दुखू लागले, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या किंवा सोबत ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरत असू शकतो. त्याला शिरेतून औषधे लागतात आणि तास महत्त्वाचे असतात. मी हे क्वचित पाहिले आहे, पण ज्या पेशंटने दोन दिवस हळद लावून काढले ती अजून लक्षात आहे.

रक्त निघाले आणि दोरा जुना होता अशी शंका असेल तर साबण-पाण्याने धुवा आणि लवकर डॉक्टरला भेटा. हेपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल तर तेव्हाच सुरू करता येते. रक्ततपासणी मात्र दुसऱ्या दिवशी करून उपयोग नाही. तेव्हाचा निगेटिव्ह रिपोर्ट काहीच सांगत नाही. ती कधी करायची ते डॉक्टर ठरवतील.

जबाबदारी कोणाची?

राज्यात छोट्या दुकानांना दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. तो कायदा कामाचे तास, रजा, सुट्ट्या पाहतो. चिमटा उकळला की नाही हे त्यात येत नाही. आमच्या गावात तरी हे बघायला कोणी येत नाही. त्यामुळे सध्या तरी खुर्चीत बसलेल्या बाईनेच बघायचे: दोरा रिळावरून माझ्यासमोर नवा काढला का, हात धुतले का, पावडरचा पफ सगळ्यांचा एकच आहे का. दोऱ्याच्या नव्या तुकड्याला काही पैसे लागतात, आयब्रोला 40-50 रुपये घेतात. मागायला लाजण्यासारखे त्यात काही नाही. धातूची हत्यारे नुसती स्पिरिटच्या बोळ्याने पुसून भागत नाही. आधी साबणाने घासून मग 20 मिनिटे उकळायला हवीत.

त्या मुलीच्या आईने जिथे जाब विचारला होता त्या पार्लरवाल्या ताई नंतर माझ्याकडे आल्या. तीन आठवडे खुर्ची रिकामी होती, आणि दुकानाचे भाडे थांबत नाही. त्या दोरा दरवेळी नवाच घेत होत्या, पण तोंडात धरत होत्या. शिकवले तसेच होते. दिवसाला वीस-पंचवीस चेहऱ्यांवर वाकणाऱ्या त्यांनाच लागण होण्याचा धोका गिऱ्हाइकांपेक्षा जास्त, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांची तपासणी निगेटिव्ह आली. लसीचे दोन डोस झाले आहेत, तिसरा राहिला आहे. हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीचे काय झाले, हे विचारायला मुलीच्या वडिलांना मी दोनदा पाठवले. टाकी धुतली म्हणतात. पाण्याची तपासणी केल्याचा कागद अजून कोणी दाखवलेला नाही.