शर्यतीनंतरचा घोडा आणि आमची दयाबुद्धी

मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांनी कधीतरी घोडा होऊन निबंध लिहिलेला असतो. ‘शर्यतीच्या घोड्याचे आत्मवृत्त’ हा विषय फाटक्या पुस्तकाच्या आणि पडक्या किल्ल्याच्या आत्मवृत्ताइतकाच जुना आहे. त्याचा साचाही ठरलेला. पहिल्या परिच्छेदात रंगीत रेशमी सदरा घातलेला जॉकी, टाळ्यांचा कडकडाट आणि वाऱ्याशी स्पर्धा. दुसऱ्यात पाय मोडतो आणि गर्दी पांगते. तिसऱ्यात कोणी दयाळू मनुष्य त्या लंगड्या घोड्याला घरी नेतो, त्याच्या मानेवरून हात फिरवतो, आणि घोडा कृतज्ञतेने डोळे मिटतो. विद्यार्थी असताना आम्ही असे निबंध लिहिले, आणि शिक्षक झाल्यावर त्यांना भरघोस गुणही दिले.

आमचा आक्षेप या निबंधाच्या तिसऱ्या परिच्छेदाला आहे. एखाद्या जखमी घोड्याला कोणी वाचवले, त्याला नवे घर मिळाले, अशी बातमी येते तेव्हा ती याच परिच्छेदाच्या भाषेत लिहिली जाते. वाचणाऱ्याचे डोळे पाणावतात. वाचवणाऱ्याचे कौतुक होते, आणि तेही योग्यच. त्या कामाला लागणारे कष्ट आणि पैसा आम्हांला ठाऊक आहे. पण या कौतुकाच्या गदारोळात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या घोड्याच्या पायांवर इतक्या लोकांनी पैसे मिळवले, त्याच्या उतारवयाचा खर्च एखाद्या अनोळखी माणसाच्या दयेवर का सोपवावा?

प्रथम त्या देहाविषयी बोलू. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असताना धावू लागतो आणि बहुधा सात-आठ वर्षांच्या आत त्याची कारकीर्द आटोपते. त्याचे आयुष्य मात्र पंचवीस वर्षांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक असते. म्हणजे टाळ्यांचा काळ पाच-सहा वर्षांचा आणि नंतरचा त्याच्या तिप्पट. साडेचारशे-पाचशे किलोंचा हा प्राणी ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो तेव्हा काही क्षण सारे वजन एकाच पायावर येते. हाड चुरा होऊन कातडीबाहेर आले तर त्याला सुखाने मरू देणे हाच उपाय उरतो. घोडा फार काळ पडून राहू शकत नाही, आणि तीन पायांवर उभा राहिला तर धडधाकट पायाचे खूरही आतून निकामी होऊ लागतात. या निर्णयाला आम्ही क्रौर्य म्हणत नाही.

परंतु प्रत्येक दुखापत अशी नसते. पुढच्या पायाच्या मागील बाजूची कंडरा सुजणे वा फाटणे, ही शर्यतीच्या घोड्यांची नेहमीची दुखापत. तिला आठ-दहा महिने ते वर्षभर विश्रांती लागते. तो घोडा पुन्हा शर्यत जिंकेलच असे नाही, पण चालू शकतो, शिकाऊ स्वाराला पाठीवर घेऊ शकतो, कुरणात इतर घोड्यांच्या सोबतीने जगू शकतो. मात्र त्याआधी त्याला नव्याने शिकवावे लागते. आजवर त्याला फक्त पुढे धावायला शिकवलेले असते. जोमाचा दाणा कमी करून वैरण वाढवायची, दिवसातले काही तास मोकळे सोडायचे, थांबायला आणि सावकाश चालायला शिकवायचे. रोज आठ-दहा किलो वैरण, पंचवीस-तीस लिटर पाणी, खरारा, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद, अधूनमधून डॉक्टर. आणि हे पुढची पंधरा वर्षे. ‘घोड्याला घर दिले’ या तीन शब्दांचा अर्थ एवढा आहे. हा खर्च डोळ्यांतल्या पाण्याने भागत नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ. महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या जमिनीचा करार 2013 साली संपला. त्यानंतर दहा-अकरा वर्षे या शहरात वाद चालला: उद्यान हवे की रेसकोर्स, क्लबाची मिरास की जनतेची मोकळी हवा? अखेरीस 2024 साली सुमारे 211 एकरांपैकी 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि 91 एकर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबाकडे, अशी वाटणी ठरली. वाद महत्त्वाचाच होता. मोकळ्या जागेवाचून गुदमरणाऱ्या शहरात तो व्हायलाच हवा होता. पण त्या साऱ्या चर्चेत एकर होते, भाडे होते, वृक्ष होते, वाहनतळ होते. निवृत्त घोड्यासाठी चार एकरांची मागणी करणारा आवाज काही आमच्या कानी आला नाही. ज्याच्या नावाने ते मैदान ओळखले जाते तोच वाटणीच्या कागदावर नव्हता.

कायद्याचे काय? सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली निर्णय दिला की घोड्यांची शर्यत हा निव्वळ नशिबाचा नव्हे, मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची तंदुरुस्ती, त्याची अंगभूत क्षमता आणि जॉकीचे कसब यांवर निकाल अवलंबून असतो, असा त्यातील युक्तिवाद. म्हणजे शर्यतीला जुगाराच्या कलंकातून सोडवताना आपण घोड्याच्या गुणांची साक्ष काढली. सरकारही मागे नाही: शर्यतीवरील पैजांवर आधी 28 टक्के वस्तू व सेवा कर होता, सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. आणि जनावराला उपाशी-तहानलेले मरायला सोडून देणाऱ्याला शिक्षा काय? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानुसार पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड. पन्नास रुपयांत आज दाण्याचे दोन दिवसही निघत नाहीत. घोड्याच्या कौशल्यावर न्यायालयाचा विश्वास, त्याच्या धावण्यावर सरकारचा कर, आणि त्याच्या उपासमारीची किंमत पन्नास रुपये!

वंशावळीची गोष्ट तर आणखी बोलकी. शर्यतीच्या प्रत्येक जातिवंत घोड्याचे कूळ नोंदवहीत असते. पितृकुळाचा माग काढत गेले तर अठराव्या शतकाच्या आगेमागे इंग्लंडात आणलेल्या तीन घोड्यांपैकी एकापाशी आपण पोचतो. आमच्यापैकी कितीजणांना पणजोबांच्या पलीकडचे नाव सांगता येईल? पण या नोंदवहीचा विषय वंश आहे, वार्धक्य नाही. घोडी असेल तर पैदाशीसाठी तिला काही मोल उरते. खच्ची केलेल्या घोड्याला तेही नाही. काही घोडे रायडिंग क्लबांत जातात, काही डोंगरावरच्या पर्यटकांना पाठीवर घेतात, काही वरातीत नटून उभे राहतात. तीनशे वर्षांचे पूर्वज ठाऊक असलेल्या प्राण्याचा पुढच्या वर्षीचा पत्ता कोणी विचारत नाही.

परळमध्ये मात्र त्याचा एक पत्ता होता, आणि तो प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवा. महालक्ष्मीपासून जवळच, जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये हाफकिन संस्था आहे. प्लेगच्या काळात 1899 साली तेथे प्रयोगशाळा आली. सर्पदंशावरील लस ज्याला आपण म्हणतो ते औषध घोड्याच्या रक्तातून निघते: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषाच्या अल्प मात्रा घोड्याला वाढत्या क्रमाने टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, आणि त्या रक्तातून औषध बनते. धनुर्वाताचे प्रतिविष बनवण्याची रीत हीच. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या पागेतील निवृत्त घोडे याच हाफकिनला दिले जात असत. घोडे आपलेच असतील तर औषध आपणच का करू नये, या विचारातून 1966 साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. भाताच्या खाचरात घोणस चावलेली कोकणातली बाई वाचली, तर तिच्या धमन्यांतून कोणा घोड्याचे देणे वाहत असते. मैदानात पैसा दिला, प्रयोगशाळेत रक्त दिले. तरीही निबंधात कृतज्ञ व्हायचे ते घोड्यानेच!

येथे साहित्याच्या मंडळींना थोडे खडसावणे भाग आहे. टॉलस्टॉयची ‘खोल्स्तोमेर’ ही कथा आपण वर्गात शिकवतो. 1886 साली प्रसिद्ध झालेल्या या कथेत एक खच्ची केलेला, म्हातारा घोडा आपली हकीकत सांगतो. तोही एकेकाळी वेगासाठी नावाजलेला. मालकाच्या हट्टापायी ऊर फुटेस्तोवर दौडवला गेला आणि कायमचा मोडला. ‘माझा घोडा’ या शब्दांचा अर्थ त्याला कळत नाही: जो खाऊ घालत नाही, जो कधी पाठीवर बसत नाही, तो ‘माझा’ कसा म्हणतो? श्क्लोव्हस्कीने 1917 च्या निबंधात अपरिचितीकरणाचे उदाहरण म्हणून हीच कथा घेतली. तेव्हापासून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ‘अपरिचितीकरण’ शिकवत आलो, उत्तरपत्रिकांत त्याची व्याख्या तपासत आलो, आणि घोड्याचा प्रश्न तंत्राच्या खुंटीला टांगून मोकळे झालो. टॉलस्टॉयला तंत्र दाखवायचे नव्हते. मालकी म्हणजे काय, हे विचारायचे होते. फोर्टमधल्या वर्गातून टॅक्सीने थोड्याच वेळात महालक्ष्मी गाठता येते. तिथे हा प्रश्न अजून उभाच आहे.

आमच्यावर एक आक्षेप हमखास येईल: ज्या शहरात माणसे पदपथावर झोपतात तिथे घोड्यांचे लाड कशाला? हा आक्षेप बहुधा माणसांसाठीही काही न करणारे लोक घेतात. तरी त्याचे उत्तर देतो. ते उत्तर लालबाग-परळनेच शिकवले आहे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या बंद पडल्या, जमिनींना सोन्याचा भाव आला, मनोरे उभे राहिले. कामगार मात्र एक शब्द धरून बसले: ‘देणी’. ‘आमची देणी द्या.’ कोणी मदत, सहानुभूती, भेट असे शब्द वापरले तर ते त्यांना मान्य नव्हते, कारण मदत देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि देणे हिशोबावर. माणसाची आणि घोड्याची बरोबरी आम्ही करत नाही. घोडा मोर्चा काढू शकत नाही, एवढा फरक तर उघडच आहे. पण ज्याच्या श्रमावर संपत्ती उभी राहिली त्याला श्रम संपताच खर्चाच्या बाजूला टाकणारी खतावणी एकच आहे. जो ती गिरणगावात वाचायला शिकला त्याला ती महालक्ष्मीतही वाचता आली पाहिजे. शिवाय घोड्याबरोबर त्याचा मोतद्दारही असतो. 2015 साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्यांचा धंदा बेकायदा ठरवून वर्षभरात तो बंद करण्यास सांगितले, तेव्हा घोडे आणि घोडेवाले दोघांच्याही भवितव्याचा प्रश्न एकदमच उभा राहिला होता.

इतरत्र हे कसे घडले? अमेरिकेतील 1986 ची केंटकी डर्बी जिंकणारा फर्डिनंड पुढे जपानला विकला गेला आणि 2002 साली कत्तलखान्यात संपला. ही बातमी फुटल्यावर तेथील शर्यतीच्या जगाला लाज वाटली. न्यूयॉर्कमध्ये मालकांनी प्रत्येक शर्यतीमागे त्याच्या नावाने छोटी ऐच्छिक वर्गणी सुरू केली. 2012 साली निवृत्त घोड्यांचे आश्रम तपासून त्यांना मान्यता आणि अनुदान देणारी राष्ट्रीय संस्था निघाली. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या व्यवसायानेच 2000 साली निवृत्त घोड्यांना नवे शिक्षण देणारी संस्था स्थापली. तिथेही सारे आलबेल नाही. पण जबाबदारी कोणाची, हे निदान ठरले.

आमचे म्हणणे एवढेच. शिंगराची वंशनोंद होते त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची ठेव जमा व्हावी. प्रत्येक शर्यतीच्या बक्षिसातून आणि सरकारला मिळणाऱ्या करातून त्यात ठरावीक भर पडावी. घोडा मैदान सोडतो तेव्हा तो कोठे गेला याची नोंद त्याच वहीत, सर्वांना पाहता येईल अशी व्हावी. परळला 1880 च्या दशकात गिरणीमालक दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय निघाले, शेजारीच पशुवैद्यक महाविद्यालय आले. विद्या, रुग्णालय आणि मैदान एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असलेले शहर क्वचितच असेल. उणीव आहे ती हिशोब मान्य करण्याची. तोवर जे लोक स्वतःच्या खिशातून लंगडे घोडे पोसतात ते दुसऱ्यांचे कर्ज फेडत आहेत, हे तरी आपण स्पष्ट म्हणावे.

आणि शिक्षकांसाठी एक सूचना. पुढच्या वर्षी घोड्याच्या आत्मवृत्ताचा निबंध द्याल तेव्हा एखादे मूल तिसऱ्या परिच्छेदात कृतज्ञतेने डोळे मिटणार नाही. ते विचारेल, ‘माझ्यावर लावलेले पैसे कोणाकडे आहेत?’ त्या मुलाचे गुण कापू नका.