उकिरड्याची दैना आणि डेपोचे दैव

मराठीत 'उकिरडा' हा फार जुना आणि प्रामाणिक शब्द आहे. गोठ्यामागे ज्याचा त्याचा उकिरडा असे. शेण, राख, चुलीपुढचा केरवारा, जनावरांनी टाकलेले वैरणीचे बुडखे त्यात पडत, त्याचा वास तो घालणाऱ्याच्याच नाकाशी येई, आणि पावसापूर्वी तो उपसून त्याचेच खत त्याच्याच रानात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, ही म्हण या व्यवहारातून आली. तिच्यातल्या आशेला दोन गोष्टींचा आधार आहे. एक, उकिरड्यात जे पडते ते कुजून माती होते. दुसरी, उकिरडा ज्याचा, घाणही त्याचीच. आज ज्याला कचरा डेपो, भूभरण क्षेत्र किंवा प्रक्रिया प्रकल्प म्हटले जाते, तेथे या दोन्ही गोष्टी उरलेल्या नाहीत. तरीही उकिरड्याविषयीची सहनशीलता मात्र गावाने जशीच्या तशी दाखवावी, अशी शहराची अपेक्षा असते. आमचा वाद या अपेक्षेशी आहे.

शिरूर किंवा दौंड तालुक्यातले एखादे गाव अशा प्रकल्पाला विरोध करू लागले, की पुण्यात दोन वाक्ये तयार असतात. 'गावकऱ्यांना विकास नको' हे पहिले, आणि 'मग कचरा टाकायचा कुठे?' हे दुसरे. आमच्या मते गावाचा विरोध कचऱ्याला नाही. कचरा करणारा आणि तो सोसणारा यांच्यात जे अंतर पाडले गेले आहे, त्याला हा विरोध आहे. हे अंतर ट्रकने आणि नदीने पाडले, तसे भाषेनेही पाडले आहे. म्हणून हा विषय पर्यावरणवाद्यांकडे सोपवून साहित्याच्या लोकांना मोकळे होता येणार नाही.

आधी नकाशा पाहू. पुण्याचे उतार पूर्वेकडे आहेत. मुळा-मुठा शहराचे सांडपाणी घेऊन रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. तेथे एका काठाला शिरूर तालुका आणि दुसऱ्या काठाला दौंड. मुंढव्याहून प्रक्रिया केलेले म्हणून जे पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडले जाते, तेही हवेली आणि दौंडच्या शेतीपर्यंत पोचते. महागणपतीसाठी सर्वतोमुखी असलेल्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट लावणारी सुविधा उभी आहे, आणि शेजारच्या निमगाव भोगीचे ग्रामस्थ आपले पाणी बिघडल्याची तक्रार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. भीमेपलीकडे, दौंडमध्ये, कुरकुंभची रासायनिक वसाहत आहे. तिच्या सांडपाण्याविषयी आणि विहिरींविषयी कुरकुंभ-पांढरेवाडीच्या तक्रारीही तितक्याच जुन्या आहेत. म्हणजे 'नवा प्रकल्प' हा शब्द जेव्हा या दोन तालुक्यांत उच्चारला जातो, तेव्हा तो कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. ऐकणाऱ्याची विहीर आधीच साक्षीला बसलेली असते.

या साक्षीत उरुळी देवाची आणि फुरसुंगीचाही अनुभव आहे. पुण्याला जाणाऱ्या अनेक दौंडकरांनी तो डोंगर पाहिला आहे, त्याचा वास घेतला आहे. दीडशे एकरांहून अधिक जमीन त्या डेपोखाली गेली. महापालिकेच्या नळाला नव्हे, तर टँकरला तोंड लावून बसणे गावांच्या वाट्याला आले, कारण भूजल पिण्याजोगे उरले नाही. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि ग्रामस्थांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ गाड्या अडवल्या. त्या दिवसांत पुण्याच्या चौकाचौकांत कचरा साचला, आणि शहराला आपल्या कचऱ्याचा वास आला. त्याच वर्षी ही दोन्ही गावे महापालिकेत घेण्यात आली. पुढे ती वगळण्याचा निर्णय झाला आणि २०२४ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र नगरपरिषद जाहीर झाली. गावे शहरात आली आणि शहराबाहेर गेली. ढिगाला मात्र आपली जागा सोडावी लागली नाही. हे सर्व डोळ्यांदेखत घडल्यावर शिरूर-दौंडच्या माणसाने आश्वासनावर विश्वास ठेवावा, असे म्हणणाऱ्याने निदान आश्वासनांचा इतिहास तरी वाचावा.

आता शब्दांकडे येऊ. प्रकल्पाच्या कागदात जमीन 'पडीक' असते. महसुली दप्तरात जिथे पीक उभे नाही ते पडीक. परंतु त्याच माळावर धनगरांची मेंढरे चरतात, भूमिहीनाची शेळी जगते, सरपण मिळते. 'गायरान' या शब्दातच ती जमीन कोणाची आणि कशासाठी, हे सांगितलेले आहे. तो शब्द पुसून 'उपलब्ध शासकीय क्षेत्र' असे लिहिले, की गाय जाते आणि रानही जाते. दुसरा शब्द 'शास्त्रोक्त'. शास्त्रोक्त भूभरण म्हणजे खाली अस्तर, झिरपणारे काळे पाणी गोळा करण्याची सोय, वर मातीचा थर. हे सर्व खरोखर केले तर ते उघड्या ढिगापेक्षा निःसंशय बरे. पण मराठीत शास्त्रोक्त म्हटले की पूजा किंवा विवाह आठवतो, आणि एकदा विधी पार पडला की चौकशी संपते. येथे चौकशी संपत नाही. २०१६ च्या नियमांनुसार भूभरण क्षेत्र वस्तीपासून आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर, तर नदीपासून १०० मीटर दूर असले की पुरत असे. ते बंद झाल्यावरही किमान पंधरा वर्षे त्यावर देखरेख ठेवावी लागत असे. आमच्या म्हणीतली बारा वर्षे येथे उलटी फिरली आहेत. वीस-पंचवीस वर्षे भरायचे, मग पंधरा वर्षे राखण करायची. या हिशेबात एक पिढी म्हातारी होते, आणि दैना फिटण्याचा मुहूर्त त्या नियमांत कोठेच दिलेला नव्हता.

विरोध नोंदवायला जनसुनावणी असते, असे आम्हांस सांगितले जाते. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत तिची रीत आहे. तीस दिवस आधी सूचना, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी, कार्यवृत्तान्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा. तसेच, सुनावणीला गणसंख्येची अट नाही. कोणी आले नाही तरी सुनावणी 'होते'. स्थानिक भाषेत अहवालाचा सारांश तेवढा मिळतो. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असतो. ज्या तक्त्यात तुमच्या विहिरीचे पाणी मोजलेले आहे, तो तक्ता तुमच्या भाषेत नाही. त्याहून मौजेची गोष्ट अशी, की मंजूर औद्योगिक वसाहतीच्या आतील प्रकल्पांना याच अधिसूचनेने जनसुनावणीतून सूट दिली. वसाहतीचे कुंपण माणसाला अडवते, भूजलाला नाही, हे अधिसूचना लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असे आम्ही मानत नाही. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करावा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने दिला, तेव्हा केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मराठीच्या अभिजातपणाचे सोहळे करणाऱ्या आम्हा मंडळींना ही भाषेची लढाई आहे असे त्या वेळी किती वाटले, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

आमच्याविरुद्ध एक आक्षेप रास्त आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गाव तरी कुठे स्वच्छ आहे? दौंडच्या गुऱ्हाळांत प्लास्टिक आणि टायर इंधन म्हणून जाळले गेल्याच्या तक्रारी बाहेरच्या कोणी रचलेल्या नाहीत. शहराने टाकलेले प्लास्टिक गुळाच्या धुरातून परत येते, आणि हा व्यवहार करणारे हात गावाचेच असतात. त्याहून खोल गोष्ट अशी, की 'घाण वेशीबाहेर' ही कल्पना शहराने शोधलेली नाही. मेलेले जनावर कोणी ओढायचे आणि ओढणाऱ्याने कुठे राहायचे, हे आमच्या गावगाड्याने शतकानुशतके ठरवून ठेवले होते. महारवाडा बहुधा गावाच्या पूर्वेला असे. आज पुणे आपल्या पूर्वेला जे करीत आहे, ते गावाने आपल्या पूर्वेला केलेल्याचीच मोठी आवृत्ती आहे. दलित आत्मकथनांनी हे मराठी वाचकाला केव्हाच सांगितले: दुर्गंधी ही निसर्गाची गोष्ट नसून पत्त्याची गोष्ट आहे. म्हणून गावाच्या विरोधाला आमचा पाठिंबा आहे, पण एका अटीवर. डेपो आमच्या शिवारात नको, खालच्या वस्तीजवळ चालेल, असे जे गाव म्हणेल त्याने आपला नैतिक अधिकार तेथेच गमावला.

मग कचरा टाकायचा कुठे? हा प्रश्न आम्ही उलट करून विचारतो: तो एकत्र का केला? ओला कचरा वेगळा राहिला तर तो उकिरड्याचाच वारसदार आहे, त्याची माती होते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, आणि तिच्यातून निघालेली 'स्वच्छ' सहकारी संस्था २००८ पासून घरोघर कचरा वेचते. शहराला उत्तर ठाऊक नाही असे नाही. ते उत्तर आपल्या ओट्याखाली दोन बादल्या ठेवायला लावते, म्हणून ते नकोसे वाटते. दररोज दोन हजार टनांवर जाणारा कचरा ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. रोज सकाळी लाखो घरांत घेतला जाणारा तो एक निर्णय आहे.

शेवटी आमच्या वर्गांविषयी. आम्ही ग्रामीण साहित्य शिकवतो तेव्हा दुष्काळ, सावकार आणि माती यांवर प्रश्न काढतो. ज्या गावात पाऊस पडतो, विहीर भरते आणि तरीही पाणी पिता येत नाही, त्या गावाला आमच्या प्रश्नपत्रिकेत जागा नाही. एखाद्या प्रकल्पाचा मराठी सारांश वर्गात आणावा आणि कवितेइतक्याच कसून वाचावा. कर्ता कुठे गाळला आहे, कर्मणी प्रयोग कुठे योजला आहे, 'परिणाम नगण्य राहील' या वाक्यात कोणाच्या परिणामाची गणना झालेली नाही, हे विद्यार्थ्यांना शोधू द्यावे. त्यांतले काही विद्यार्थी शिरूरहून आणि दौंडहून येतात. ते बाकावर गप्प बसलेले असतात, कारण आपल्या विहिरीची गोष्ट साहित्यात मोडते, असे त्यांना आम्ही अद्याप सांगितलेले नाही.