विश्लेषण : ‘फोटो सौजन्य : गूगल’ लिहिले की फोटो वापरता येतो?

हरिश्चंद्रगड चढून कोकणकड्यावरच्या सूर्यास्ताचा फोटो काढायचा, घरी येऊन इन्स्टाग्रामवर टाकायचा आणि काही दिवसांनी तोच फोटो एखाद्या ट्रेक आयोजकाच्या जाहिरातीत पाहायचा, हे हौशी छायाचित्रकारांना नवे नाही. कोपऱ्यातले नाव कापलेले असते आणि खाली ‘फोटो सौजन्य : गूगल’ असते. गड चढायला गूगल आलेले नसते. असे सौजन्य म्हणजे परवानगी नव्हे.

हक्क कोणाचा?

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार फोटो ही कलाकृती आहे आणि तो टिपणारी व्यक्ती तिची कर्ती. क्लिक होताच हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, महागडा कॅमेराही नको. हा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. इन्स्टाग्रामवर टाकल्याने तो जात नाही. कंपनीला वापराचा परवाना मिळतो (तोही बराच ऐसपैस), पण ट्रेक आयोजकाला काहीच मिळत नाही.

गोम आहे ती पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंत. वेगळा करार नसेल, तर कलम १७ नुसार पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नाच्या अल्बमवर हक्क ऑर्डर देणाऱ्या मंडळींचा, स्टुडिओचा नाही. स्वतःच्या पेजवर ते फोटो टाकायचे असतील, तर स्टुडिओने ऑर्डर घेतानाच तशी अट लिहून सही घेतलेली बरी.

फोटो आपलाच, हे दाखवायचे कसे?

मूळ फाइल जपून ठेवणे हाच खरा उपाय. तिच्यात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल अशी माहिती असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळते, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. ऑनलाइन लहान आकाराचा फोटो टाकावा, मोठा स्वतःकडे ठेवावा. कोपऱ्यातला वॉटरमार्क कापायला दोन सेकंद लागतात. मात्र हक्कधारकाची माहिती जाणूनबुजून काढून टाकणे हा कलम ६५ बी खाली गुन्हा असून त्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

चोरी सापडली तर?

गूगल लेन्सवर फोटो शोधता येतो. सापडल्यास आधी तारखेसह स्क्रीनशॉट आणि लिंक जपावी, मग त्या संकेतस्थळाकडे लेखी तक्रार करावी. कॉपीराइट नियम, २०१३ नुसार तक्रारीनंतर ३६ तासांत तो मजकूर रोखणे अपेक्षित आहे. पण २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दाखवता येतो. एका फोटोसाठी वकील कोण लावणार? सामान्य छायाचित्रकाराचे घोडे इथेच अडते आणि नियमाची ही बाजू मोठ्या कंपन्यांनाच परवडणारी आहे.

बातमी किंवा समीक्षेसाठी वाजवी वापराला कायद्यात सूट आहे, जाहिरातीला ती लागू नाही. त्यामुळे व्यावसायिकाने फोटो वापरला असेल, तर नुसता ‘काढून टाका’ असा मेसेज न करता नेहमीच्या दराने बिल पाठवावे. पोस्ट उतरवली, तरी झालेल्या वापराची भरपाई मागता येते.